आजीची पुतळी आणि रोमन बादशहाचं सोनं

मागच्या अंकात रोमन बादशहांच्या सोन्याच्या नाण्यांवर जेमतेम एक पान लिहिलं आणि शेवटी सवयीने "काही विचारायचं असेल तर जरूर विचारा" असं टाकून दिलं, तर एवढे प्रश्न आले की संपादकांनी फोन करून सांगितलं, आता तुम्हीच निस्तरा. बडोद्याच्या कपाटांमधे एवढं काय काय पडलंय हे मला खरंच माहीत नव्हतं. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं कुणाचीच टाकलेली नाहीत, कारण घरात सोनं आहे म्हटल्यावर बऱ्याच जणांनी तशी ताकीदच दिली होती.

प्रश्न (दांडिया बाजार): आमच्या आजेसासूबाईंची पुतळ्यांची माळ आहे. त्यातली एक पुतळी बाकीच्यांपेक्षा जुनाट आणि जरा जाड दिसते. एका बाजूला लांब झगा घातलेला माणूस, त्याच्याभोवती चांदण्या. दुसऱ्या बाजूला दोन माणसं, मधे झेंड्याची काठी, त्यातला एक गुडघ्यावर बसलाय. कडेने इंग्रजीसारखी अक्षरं आहेत पण वाचता येत नाहीत. मुलाने मोबाईलवर फोटो टाकून शोधलं तर "रोमन गोल्ड कॉइन" असं आलं. खरंच रोमन असेल का?

उत्तर: नाही ताई, रोमन नाही. पण निराश होऊ नका, कारण मला या वेळी आलेल्या सगळ्या पत्रांमधे तुमचंच पत्र सगळ्यात भारी वाटलं.

तुम्ही वर्णन इतकं नीट केलंय की फोटोची गरजच नाही. हे व्हेनिसचं नाणं आहे, किंवा त्याची नक्कल. व्हेनिस इटलीतलंच, पण तेव्हा स्वतंत्र राज्य होतं, आणि त्यांनी १२८४ साली सोन्याचा डुकाट पाडायला सुरुवात केली. वजन साधारण साडेतीन ग्रॅम आणि सोनं जवळजवळ चोख. गुडघ्यावर बसलेला माणूस म्हणजे व्हेनिसचा राज्यप्रमुख, त्याला ते डोज म्हणायचे, आणि त्याच्या हातात झेंडा देणारे संत मार्क. दुसऱ्या बाजूला चांदण्यांमधे उभे आहेत ते येशू. १७९७ मधे नेपोलियनने ते राज्य संपवलं तोपर्यंत, म्हणजे पाचशे वर्षं, या नाण्याचं रूप जवळपास तेच राहिलं, आणि म्हणूनच आपल्याकडच्या व्यापाऱ्यांचा त्याच्यावर डोळे मिटून विश्वास. तांबड्या समुद्रातून येणाऱ्या जहाजांबरोबर ही नाणी पश्चिम किनाऱ्यावर ढिगाने उतरली. त्यावर कोण आहे याच्याशी इथे कुणाला देणंघेणं नव्हतं. दक्षिणेत तर लोकांनी काठी धरलेला तो डोज बघून ठरवून टाकलं की हा ताडी काढणारा ताडावर चढतोय, आणि नाण्याला नावही तसंच पडलं! आपण माणसांच्या आकृत्या बघितल्या आणि पुतळी म्हटलं.

अक्षरं वाचता येत नाहीत म्हणताय त्याचं कारण बहुतेक हे की ती इथल्या सोनाराने केलेली नक्कल आहे. मागणी एवढी होती की आपल्या कारागिरांनी स्वतःच ठसे खोदले, चित्र बरोबर उतरवलं पण लॅटिन कुणाला येत होतं, म्हणून अक्षरांच्या जागी नुसत्या काड्या. नक्कल म्हणजे खोटं असं मात्र समजू नका, सोनं खरंच असायचं.

आता यात रोमन कुठे आलं ते सांगतो. हेच सगळं आपल्याकडे त्याच्या हजार-बाराशे वर्षं आधी रोमन नाण्यांच्या बाबतीत होऊन गेलं होतं. भारतात सापडलेल्या कितीतरी रोमन सोन्याच्या नाण्यांना भोकं पाडलेली आहेत, आणि बऱ्याचदा दोन, शेजारी शेजारी, बादशहाच्या डोक्याच्या बरोबर वर, म्हणजे दोरा ओवला की तो सरळ लटकला पाहिजे, उलटा नाही. कुणीतरी बाई आरशात बघून ते ठीकठाक करत असणार. ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांच्यासाठी मातीची पदकं निघाली होती, धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला आणि तेलंगणात कोंडापूरला उत्खननात ती मिळालीत, त्यावर चक्क रोमन बादशहाच्या नाण्याचा छाप आहे. आणि सोन्यातल्या देशी नकलाही आहेत, त्यातही अक्षरांच्या काड्याच. तेव्हा तुमच्या मुलाचं मशीन चुकलं, पण फार काही चुकलं नाही असं म्हणू.

प्रश्न (मांजलपूर): लेखात तुम्ही "ऑरियस" म्हणून लिहिलं पण तो केवढा, किती वजनाचा, त्यात काय यायचं, हे काहीच नाही. जरा आपल्या हिशोबात सांगा ना.

उत्तर: बरोबर पकडलंत.

ऑरियस म्हणजे रोमन सोन्याचं मुख्य नाणं. आकाराने लहान, आपल्या जुन्या पन्नास पैशांपेक्षाही बारीक वाटेल, पण जाड आणि हातात घेतलं की जड. ज्युलियस सीझरने एका रोमन पौंडात (साधारण ३२७ ग्रॅम) चाळीस नाणी पाडली, म्हणजे एक आठ ग्रॅमच्या आसपास. पहिल्या बादशहाच्या, म्हणजे ऑगस्टसच्या वेळी ते ७.८ वर आलं. आजचा सोनार दहा ग्रॅमचा तोळा धरतो त्या हिशोबाने पाऊण तोळा आणि वर चिमूटभर. सोनं ९८-९९ टक्के, म्हणजे आजच्या चोविस कॅरेटच्या जवळचं.

एका ऑरियसचे चांदीचे पंचवीस डिनारियस, आणि पितळेचे सेस्टर्स शंभर. आता पगार बघा. ऑगस्टसच्या सैन्यातल्या साध्या शिपायाला वर्षाचे २२५ डिनारियस मिळायचे, म्हणजे नऊ ऑरियस, आणि तेही वर्षातून तीन हप्त्यांमधे. तीन नाणी एकदम हातात, चार महिने पुरवायची. सोन्यात मोजलं तर वर्षाला सात तोळे, त्यातून जेवण, कपडे, हत्यारं याचे पैसे कापून.

आणि बाजार? प्लिनी नावाचा रोमन लेखक इसवी सन ७७ च्या सुमाराचा, तो मिरीचे भाव देतो. काळी मिरी पौंडाला चार डिनारियस, पांढरी सात, आणि लांब मिरी, म्हणजे आपली पिंपळी, ती तब्बल पंधरा. हिशोब केला तर एका ऑरियसमधे रोममधे दोन किलो काळी मिरी. पाऊण तोळ्याला दोन किलो! आमच्या घरी हे सांगितलं तर सौ. म्हणाली, मग मसाल्याचा डबा लॉकरमधे ठेवू का.

वजन पुढे घसरत गेलं ते थोडक्यात सांगून टाकतो. नीरोने इसवी सन ६४ मधे पौंडाला पंचेचाळीस नाणी केली, कॅराकॅलाने २१५ च्या सुमारास पन्नास, डायोक्लेशियनने साठ. मग कॉन्स्टंटाईनने हा सगळा घोळ संपवून बहात्तर नाण्यांचा, साडेचार ग्रॅमचा सॉलिडस काढला, आणि तो मात्र अकराव्या शतकापर्यंत टिकला. इंग्रजीतला सोल्जर हा शब्द याच सॉलिडसवरून आलाय, पगार घेणारा तो सोल्जर.

प्रश्न (कारेलीबाग): एका पुस्तकात भारतात सापडलेल्या रोमन नाण्यांचे फोटो बघितले. बादशहाच्या चेहऱ्यावर आडवा घाव घातलेला. इतकं सुंदर नाणं कुणी का बिघडवेल? परदेशी राजाचा राग म्हणून का?

उत्तर: यावर जाणकारांमधे अजून भांडणं चालू आहेत, त्यामुळे मी आधी काय दिसतं ते सांगतो आणि मग माझं मत.

१८९८ मधे तामिळनाडूत पुदुकोट्टईला एक घबाड निघालं, ५०१ सोन्याची रोमन नाणी, ऑगस्टसपासून व्हेस्पेशियनपर्यंतच्या बादशहांची. त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त नाण्यांवर छिन्नीचा घाव आहे. आणि तो कुठेतरी कडेला नाही, सरळ चेहऱ्यावर.

पहिला विचार येतो की सोनं खरं आहे का बघायला कापलं असेल, आत तांबं तर नाही ना. पण सराफाला ते बघायचं असेल तर तो कडेला जरासं टोचेल, कसोटीवर घासेल, पाचशे नाण्यांची तोंडं कशाला फोडेल? रागाचं म्हणाल तर ज्या परदेशी बादशहाला इथे कुणी बघितलं नाही, ज्याच्याशी लढाई नाही, उलट ज्याच्या माणसांनी मिरी घेऊन सोनं दिलं, त्याचा राग कोण धरेल. म्हणजे आपल्याकडे गिऱ्हाईकाच्या फोटोवर कोणी रागाने काट मारत नाही ना.

मला तिसरं मत पटतं. घाव म्हणजे ते नाणं नाणं म्हणून रद्द. आता याच्यावरचा राजा बघायचा नाही, वजन बघायचं, तराजूत टाकायचं. आपल्याकडे पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा कागद तोच राहिला पण किंमत गेली, इथे उलटं, किंमत तीच राहिली आणि छाप गेला. नीरोने वजन कमी केल्यावर नवी आणि जुनी नाणी एकाच थैलीत यायला लागली असणार, तेव्हा "एक नाणं म्हणजे इतकं" असा हिशोब चालेना, प्रत्येक तोलूनच घ्यावं लागलं असेल. हे शेवटचं वाक्य माझा अंदाज आहे, पण एकदा सराफ्यात बसून बघा, पटेल.

याच्या उलट एक गोष्ट प्लिनीच सांगतो. क्लॉडियस बादशहाच्या काळात एका रोमन करवसुली कंत्राटदाराचा माणूस वादळात भरकटत श्रीलंकेला पोचला. तिथल्या राजाने त्याच्याकडची चांदीची डिनारियस नाणी बघितली, चेहरे वेगवेगळे म्हणजे वेगवेगळ्या राजांनी पाडलेली, पण वजन सगळ्यांचं सारखं, आणि राजा त्यावर इतका खूश झाला की हे लोक प्रामाणिक आहेत म्हणून रोमला वकील पाठवले. गोष्ट रोमन माणसाने लिहिलीय, स्वतःची स्तुती थोडी असणारच. पण बघा, राजाने चेहरे बघितले आणि लगेच वजनावर गेला.

प्रश्न (अकोटा): भडोच आपल्यापासून सत्तर किलोमीटर. रोमन जहाजं तिथे यायची असं शाळेपासून ऐकतोय. मग रोमन सोन्याची नाणी सगळी केरळ-तामिळनाडू-आंध्रात का सापडतात, गुजरातमधे का नाही? आपल्याकडे कुणी नीट खणलं नाही का?

उत्तर: खणलं की, आणि तुमच्याच अकोट्यात खणलं! तिथल्या उत्खननात रोमन घडणीची एक ब्राँझची मूठ निघाली, तिच्यावर इरॉसची, म्हणजे त्यांच्या मदनाची आकृती आहे. म्हणजे माल इथपर्यंत येत होता यात शंका नाही.

भडोचला ग्रीक लोक बारिगाझा म्हणायचे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेलं पेरिप्लस नावाचं छोटं पुस्तक आहे, त्याने या बंदराचं वर्णन इतकं घाबरून केलंय की वाचताना मजा येते. नर्मदेच्या तोंडाशी भरती अशी चढते की लांबून सैन्याचा गलका ऐकू यावा तसा आवाज येतो, नवख्याने यायचंच नाही, राजाचे कोळी मोठ्या होड्या घेऊन बाहेर सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत जायचे आणि जहाजांना ओढत, भरतीची वेळ सांभाळत आत आणायचे. मग तो मालाची यादी देतो. येणारा माल म्हणजे दारू (इटलीची जास्त खपते म्हणतो), तांबं, कथील, शिसं, पोवळं, आणि सोन्याचांदीची नाणी, "ज्यांवर इथल्या नाण्यांशी बदलताना नफा होतो". राजासाठी वेगळं, चांदीची भांडी, गाणारी मुलं, उंची दारू. जाणारा माल म्हणजे हस्तिदंत, अकीक, सुती कापड, पिंपळी. उज्जैनहून माल इथे उतरायचा हेही तो सांगतो.

आता त्या "बदलताना नफा" मधेच तुमचं उत्तर आहे. इथे क्षत्रपांचं, म्हणजे शक राजांचं राज्य होतं आणि त्यांचं स्वतःचं चांदीचं नाणं जोरात चालायचं, एका बाजूला राजाचा चेहरा, दोन ग्रॅमच्या आसपास. बाजारात तेच चालणार. मग परदेशी नाणं आलं की ते बदलून घ्यायचं, आणि बदलून घेतलेलं कुठे जाणार, मुशीत. दक्षिणेत तसं मोठ्या किमतीचं स्वतःचं नाणं नव्हतं, तिथे रोमन सोनं तसंच थैलीत, मडक्यात, गळ्यात राहिलं, आणि म्हणून आज सापडतं. म्हणजे आपल्याकडे नाणी कमी सापडतात याचं कारण व्यापार कमी होता हे नाही, उलट इथला सराफा जास्त तयारीचा होता. बडोद्याच्या माणसाला हे ऐकून बरं वाटेल.

सराफा किती तयारीचा ते नाशिकच्या लेण्यात कोरलेलंच आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात, त्याने दिलेल्या दानाचा हिशोब तिथे आहे, सत्तर हजार कार्षापण (चांदीची नाणी) म्हणजे दोन हजार सुवर्ण (सोन्याची), एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण. चक्क एक्सचेंज रेट, लेण्याच्या भिंतीवर! हे सुवर्ण रोमन किंवा कुषाण नाण्याच्या वजनाचं धरलं तर सोन्याचा भाव चांदीच्या साधारण दहा पट बसतो. ऑगस्टसच्या रोममधे पंचवीस डिनारियसला एक ऑरियस, म्हणजे साडेबारा पट. तिकडे चांदी स्वस्त, इकडे महाग. चांदी घेऊन इकडे यायचं की लगेच फायदा, खलाशी खोटं बोलत नव्हता.

आणि नाणी मुशीत न घालता परत वापरायचीही पद्धत होती. १९०६ मधे नाशिकजवळ जोगलटेंभीला तेरा हजारांवर नहपानाची चांदीची नाणी सापडली, त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप वरून मारलाय. जुना राजा खालून डोकावतोय अजून.

प्रश्न (रावपुरा, इयत्ता नववी): नाण्यावर एवढी अक्षरं का असतात? आणि साल कुठे लिहिलेलं असतं?

उत्तर: वा, छान प्रश्न. तुझ्या घरी किंवा आजोबांकडे सयाजीराव महाराजांचा चांदीचा रुपया असेल तर तो मागून घे (हळू हाताने). त्यावर महाराजांचा चेहरा आणि भोवती "श्री सयाजीराव म. गायकवाड" आणि पुढे "सेना खास खेल समशेर बहादूर". ही बिरुदं. रोमन नाण्यावर अगदी हेच चालतं, फक्त जागा कमी म्हणून सगळं तोडून लिहितात. आय-एम-पी म्हणजे इंपेरेटर, सेनापती. सी-ए-ई-एस म्हणजे सीझर. ए-व्ही-जी म्हणजे ऑगस्टस, त्यांच्या नाण्यावर यू नसतोच, यू च्या जागी व्ही. पी-एम म्हणजे मुख्य पुरोहित. पी-पी म्हणजे देशाचा पिता.

साल असं सरळ नसतं. आपल्या महाराजांच्या नाण्यावर विक्रम संवत असतो. रोमन बादशहाला टी-आर-पी नावाचा एक अधिकार दर वर्षी नव्याने मिळायचा, आणि त्यापुढे आकडा असतो. टी-आर-पी पंधरा म्हणजे पंधरावं वर्ष, मग तो अधिकार पहिल्यांदा कधी मिळाला त्यावरून मोजायचं. आजच्या टीव्हीच्या टीआरपीशी काही संबंध नाही, पण बादशहांनाही त्याची काळजी असायचीच.

चेहऱ्यावरून वय मात्र ओळखायला जाऊ नकोस. ऑगस्टस शहात्तराव्या वर्षी गेला पण नाण्यावर शेवटपर्यंत तरुणच आहे, आपल्याकडे बॅनरवर असतात तसा. नीरो मात्र वर्षावर्षाला मानेने जाड होत जातो. आणि व्हेस्पेशियनने टक्कल आणि सुरकुत्या सगळं जसंच्या तसं कोरून घेतलं, मला तो बादशहा त्यामुळेच आवडतो.

प्रश्न (अलकापुरी): आमच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जण "ओरिजिनल रोमन गोल्ड कॉइन, शेतात निघालेलं" म्हणून विकतोय. सोनाराकडे मशीनवर चेक करून सोनं पक्कं निघालं तर घ्यायला हरकत आहे का?

उत्तर: आहे, दोनदा आहे.

पहिली हरकत. सोनं खरं आणि नाणं खोटं हे सहज होऊ शकतं, आणि सोन्याच्या बाबतीत तर तेच जास्त होतं, कारण सोन्याच्या वजनावर चार-पाच पट मिळत असतील तर खरं सोनं वापरायला ठगाला काय जातंय. मशीन सांगतं धातू कुठला, ते कधी पाडलं हे मशीनला कळत नाही. घरच्या घरी करायची परीक्षा म्हणजे पाण्यातलं वजन. सोन्याचे काटे घ्या, नाणं आधी कोरडं तोला, मग दोऱ्याने पाण्यात बुडवून तोला. चोख सोन्याचं ७.८ ग्रॅमचं नाणं पाण्यात फक्त ०.४ ग्रॅमने हलकं होतं, पितळेचं जवळजवळ ०.९ ने. एवढ्याने पितळ पकडलं जाईल, पण परत तेच, नवं सोनं आणि जुनं सोनं दोघंही ०.४ च दाखवणार.

त्यापेक्षा डोळ्यांनी बघा. जुनं नाणं हातोड्याने एकेक ठोकलेलं, म्हणून चित्र जरा सरकलेलं, कडा ओबडधोबड, आणि कडेवर आजच्या नाण्यासारख्या रेघा कधीच नाहीत. कडेला बारीक शिवण दिसली किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसले तर ते ओतलेलं आहे. आणि सगळ्यात सोपी गोष्ट, विकणाऱ्याकडे दोन नाणी असतील आणि दोघांवर ओरखडा, खाच, सरकलेपणा सगळं हुबेहूब एकाच जागी असेल तर उठून या. जुळी नाणी निसर्गात नसतात.

मी हे शहाणपण पैसे मोजून शिकलोय. तरुणपणी एका प्रदर्शनात एका विक्रेत्याकडून टायबेरियस बादशहाचं चांदीचं डिनारियस घेतलं, दोन महिन्यांचा पॉकेटमनी गेला, वर्षभर मित्रांना दाखवत फिरलो, आणि मग दुसऱ्या एका संग्राहकाने काही न बोलता आपल्या डब्यातून तेच नाणं काढून माझ्या नाण्याशेजारी ठेवलं. नाकाखालची खाच सुद्धा तीच. ते अजून माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.

दुसरी हरकत म्हणजे तो "शेतात निघालेलं" शब्द. ते खोटं असेल तर तो फसवतोय, आणि खरं असेल तर त्याहून वाईट, पुढचं उत्तर वाचा. नाणं कुठून आलं याला मोठ्या बाजारातही किती किंमत असते त्याचं एक उदाहरण देतो. ज्युलियस सीझरला १५ मार्च, इसवी सन पूर्व ४४ ला मारलं, आणि मारणाऱ्यांपैकी ब्रूटसने त्याची आठवण म्हणून नाणं पाडलं, दोन खंजीर आणि मधे सुटलेल्या गुलामाची टोपी. सोन्यातली अशी फार म्हणजे फारच थोडी उरलीत. त्यातलं एक २०२० मधे लंडनला लिलावात बत्तीस लाख पौंडांच्या वर गेलं, आणि मग कळलं की त्याच्या मालकीचे जुने कागद बनावट होते. २०२३ मधे ते नाणं ग्रीसला परत करावं लागलं. नाणं खरं होतं हं, कागद खोटे होते.

प्रश्न (डभोईजवळच्या गावातून): शेत नांगरताना किंवा जुनं घर पाडताना नाणी निघाली तर कायद्याने काय करायचं? सरकार सगळं घेऊन जातं का?

उत्तर: १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. जमिनीत पुरलेलं काहीही दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं सापडलं (दहा रुपये १८७८ चे, पण आकडा तोच आहे) तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं, काय सापडलं, कुठे, कधी. लपवलंत तर तुमचा हक्क जातो आणि शिक्षाही आहे. कळवलंत, आणि दुसरा कुणी हक्कदार निघाला नाही, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमिनीच्या मालकाला एक हिस्सा, दोघांमधे वेगळं ठरलेलं नसेल तर. सरकारला ती वस्तू हवी असेल तर किंमत आणि त्यावर एक पंचमांश जास्त देऊन घेते. म्हणजे "सगळं घेऊन जातं" हे बरोबर नाही, पण ही भीती गावोगाव आहे आणि त्यापायी किती नाणी रातोरात वितळली असतील त्याची गणती नाही.

शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही आणि पुरावस्तूंचा धंदा करायला लायसन्स लागतं. व्हॉट्सॲप ग्रुपवाल्याला हे विचारून बघा.

आणि एक, सापडलं तर धुवू नका, चिंच-लिंबू लावू नका, मडकं फुटलं असेल तर खापऱ्या पण ठेवा. नाण्यांबरोबर मडकं मिळालं की जाणकाराला कितीतरी जास्त कळतं.

प्रश्न (मकरपुरा): आखाती देशांचा दिनार आणि रोमन डिनारियस एकच का?

उत्तर: शब्द तोच, धातू बदलला. डिनारियस चांदीचा होता, पण पूर्वेकडे येता येता दिनार म्हणजे सोन्याचं नाणं असं होऊन गेलं. आपल्याकडे गुप्तांच्या काळात लेखांमधे दिनार सर्रास येतो, सांचीला दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या काळचा, ४१२ सालचा लेख आहे, त्यात एका अधिकाऱ्याने विहाराला पंचवीस दिनार दान दिलेत. अरबांचा दिनार त्यानंतरचा. आणि आपण रोज बोलतो तो "दाम", तो ग्रीकांच्या द्रख्म नाण्यावरून, संस्कृतात द्रम्म होऊन आलेला. दाम करी काम म्हणताना आपण ग्रीक बोलत असतो.

प्रश्न (परत दांडिया बाजार, पहिल्या पत्राला पुरवणी): ती जुनी पुतळी माळेतून काढून कडी कापून वेगळी ठेवू का? सोनार म्हणतो पॉलिश करून नवी करून देतो.

उत्तर: काढू नका, कापू नका, आणि पॉलिश तर अजिबात नको. कडीला लावलेली जुनी डाक हा पण त्या नाण्याच्या गोष्टीचाच भाग आहे, आणि पॉलिशमधे आधी वजन जातं, मग डोजचं नाक. माळ ओवायला आली असेल तर पाटवेकऱ्याकडून नव्या रेशमात ओवून घ्या तेवढं पुरे. ओवायला माळ सुटी होईल तेव्हा मात्र ती एक पुतळी काट्यावर ठेवा, आणि कडी धरून साडेतीन ग्रॅमच्या जवळपास भरली तर मला कळवा, मी स्वतः बघायला येतो, चहा मात्र तुमच्याकडे.